बसल्या जागी गवतकापणी

रायडिंग मोअर म्हणजे बसून गवत कापायचे यंत्र. त्याला चार चाके, एक इंजिन, एक स्टिअरिंग आणि एक सीट असते आणि पोटाखाली, पालथ्या परातीसारख्या जाड पत्र्याच्या आत, बहुधा दोन किंवा तीन पाती असतात. या परातीला डेक म्हणतात. सीट आणि स्टिअरिंग वरून दिसतात, पाती दिसत नाहीत. बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात. सीट आणि स्टिअरिंग एकत्र दिसले की माणूस स्वतःला ड्रायव्हर समजू लागतो. यंत्र बनवणाऱ्याने मात्र त्याच्याविषयी वेगळाच अंदाज बांधलेला असतो. हा गृहस्थ सीटवर न बसताच किल्ली फिरवील, पाती फिरत असताना चेंडू उचलायला उतरेल, मागे न बघता मागे जाईल, हे सगळे त्याने आधीच धरलेले असते आणि त्याप्रमाणे जागोजागी स्विच पेरून ठेवलेले असतात. त्यामुळे हे यंत्र सुरू करणे बरेचसे व्हिसाच्या मुलाखतीसारखे आहे. विचारले तेवढेच आणि विचारले त्याच क्रमाने उत्तर द्यावे. जास्त हुशारी दाखवली की खिडकी बंद.

यंत्राचा संसार आज मुख्यतः अमेरिकेत असला तरी कूळ इंग्लंडचे. ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगने 1830 मध्ये गवत कापायच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरीच्या कापडावरची लव एकसारखी छाटणारे यंत्र त्याने गिरणीत पाहिले होते. जे सुटाच्या कापडाला जमते ते जमिनीला का जमू नये, असा त्याचा हिशेब. यंत्र ढकलायला मात्र माणूस लागे आणि माणूस दमे. पुढे वाफेचे प्रयोग झाले, 1902 मध्ये रॅन्सम्स या इंग्रज कंपनीने पेट्रोलवर चालणारे यंत्र बाजारात आणले, आणि हळूहळू माणसाची बसण्याची सोय झाली. अमेरिकेत ही सोय लागतेही. क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या देशातली हिरवळ सुमारे 1 लाख 60 हजार चौरस किलोमीटर भरली; म्हणजे निम्म्याहून जास्त महाराष्ट्र. एवढे गवत पेरायचे, त्याला खत घालायचे, पाणी पाजायचे आणि ते वाढले की वाढल्याबद्दल कापायचे. कापलेले कुठल्याही गाईला घालायचे नसते. सहा महिन्यांसाठी भारतातून आलेल्या आईवडिलांना ही गोष्ट पहिल्या उन्हाळ्यात समजावून सांगावी लागते. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा सांगावी लागते. गवत न कापून चालत नाही, कारण अनेक गावांत ते आठ-दहा इंचांच्या वर गेले की नगरपालिकेची नोटीस येते. नोटिशीच्या आधी शेजाऱ्याचा चेहरा येतो. घराभोवती अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे, किंवा त्याहून जास्त जागा असली की ढकलायचे यंत्र जाऊन बसायचे यंत्र येते.

नवे यंत्र घरी येताच काही मराठी घरांत त्याला कुंकू लावून चाकाखाली लिंबू ठेवले जाते. त्याला तांत्रिक हरकत काही नाही. लिंबू चाकाखालीच ठेवावे, डेकखाली ठेवू नये, आणि पूजा झाल्यावर माहितीपुस्तिका देव्हाऱ्याच्या खणात न ठेवता वाचावी.

उत्तरेकडच्या थंड राज्यांत यंत्र साधारण नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्ये झोपलेले असते. पण त्याच्या अंगावर कोणी झोपले नव्हते, असे मात्र नसते. इंजिनावरच्या झाकणाखाली हवा खेळण्यासाठी जागा ठेवलेली असते, आणि थंडीत उंदराला तशीच जागा हवी असते. झाकण काढले की आत सुके गवत, कापूस, एखाद्या जुन्या मोज्याची लोकर आणि खाली मक्याचे चार दाणे असा नीटनेटका संसार आढळतो. कधी वायरही कुरतडलेली असते. हा संसार तसाच ठेवून इंजिन चालवले तर थंड हवा आत जात नाही, इंजिन तापते आणि सुके गवत पेट घेऊ शकते. म्हणून हंगामाच्या पहिल्या दिवशी किल्लीला हात लावण्याआधी झाकण उघडून आत पाहावे. हातमोजे घालावेत, भाडेकरू कधी कधी घरीच असतो.

पोशाखाचा विषय थोडक्यात आटोपता आला असता, पण शनिवारची सकाळ, अर्धी चड्डी आणि रबरी चप्पल यांचे नाते फार जुने आहे. यंत्रावर बसताना पायात बंद, न घसरणारे बूट असावेत, अंगात लांब पँट असावी, डोळ्यांवर चष्मा असावा. ओढणी, सैल कुर्ता किंवा लोंबणारी नाडी असू नये. इंजिनाचा आवाज साधारण 90 डेसिबलच्या घरात असतो आणि 85 डेसिबलच्या पुढे रोज तासन्‌तास राहिले तर कानांना इजा होऊ लागते, म्हणून कानांवर आवाज अडवणारे कर्णकवच घालावे. त्यात गाणी ऐकण्याची सोय शोधू नये. घरातून मारलेल्या हाका ऐकू येत नाहीत हा कर्णकवचाचा दोष समजला जातो. काहींच्या मते तो गुण आहे.

यानंतर यंत्र जागेवरच ठेवून सगळ्या हिरवळीवरून एकदा पायी चालून यावे. हा भाग सगळ्यांत जास्त टाळला जातो, आणि सगळ्यांत जास्त सापडते ते इथेच: दगड, फांद्या, कुत्र्याने पुरून विसरलेले हाड, पाण्याची नळी, वायरचा तुकडा, प्लॅस्टिकच्या ट्रकचे मागचे चाक, आणि मराठी घर असेल तर काळी टेप गुंडाळलेला टेनिसचा चेंडू. अमेरिकेतल्या मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला जास्तीत जास्त 19,000 फूट असावा लागतो. हा वेग ताशी सुमारे 347 किलोमीटर होतो. त्या वेगाने मुंबईहून पुण्याला अर्ध्या तासाच्या आत पोचता येईल, घाटासकट. अशा वेगाच्या पात्याला दगड लागला की तो डेकच्या बाजूच्या तोंडातून सुटतो आणि बंदुकीची गोळी जशी वागते तसा वागतो. गवत लांब पडावे म्हणून त्या तोंडावरचे झुलते झाकण काढून ठेवणारे लोक असतात. हे झाकण दगडासाठी असते. गवताला ते आडवे येते हा त्याचा नाइलाज आहे.

पेट्रोल यंत्र थंड असताना, उघड्यावर भरावे. अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये पुष्कळदा पाणी तापवायचा गॅसचा बंब असतो आणि त्याच्या आत एक छोटी ज्योत जळत असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरपटत थेट तिथपर्यंत जाते. पंपावर कॅन भरताना तो गाडीच्या डिकीत ठेवून न भरता जमिनीवर ठेवून भरावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. पेट्रोल ताजे असावे. मागच्या ऑक्टोबरमधले उरलेले पेट्रोल वाया जाऊ नये ही मराठी मनाची रीत चांगली असली तरी पेट्रोल लोणच्यासारखे मुरत नाही, महिन्याभरात उतरू लागते. त्यात मिसळलेले इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे चिकटाने बुजतात. दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल या इंजिनांना चालते, पंधरा टक्क्यांचे चालत नाही.

ज्यांचे तारुण्य दोन-स्ट्रोक स्कूटरवर गेले, त्यांचा हात पेट्रोल भरताना आपोआप तेलाच्या मापाकडे जातो. तो आवरावा. आजच्या रायडिंग मोअरचे इंजिन चार-स्ट्रोक असते. त्याला पेट्रोल वेगळे आणि तेल वेगळे लागते. सुरू होत नसेल तर यंत्र एका अंगावर कलते करून पाहणे, हाही त्याच विद्यापीठातला अभ्यासक्रम. दोन-अडीचशे किलोचे यंत्र कलते होत नाही; झाले तर सरळ होत नाही.

तेल पाहण्याची कृती सोपी आहे आणि घाई करणाऱ्याला नेमकी तीच जमत नाही. यंत्र सपाट जागी असावे, इंजिन थंड असावे. डिपस्टिक बाहेर काढावी, फडक्याने स्वच्छ पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग काढून पाहावी. पहिल्या खेपेला दिसते ते इकडेतिकडे उडालेले तेल. दुसऱ्या खेपेला दिसते ते खरे. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. कमी असले तर इंजिन घासते हे सगळ्यांना ठाऊक असते. जास्त असले तर पांढरा धूर निघतो आणि रस्त्यापलीकडचे लोक काय जळले ते पाहायला येतात. चमचाभर जास्त घातले तर बरेच, हा नियम शिऱ्यातल्या तुपाचा आहे.

चाकांतली हवा पाहताना मोटारीचे आकडे विसरावेत. मोटारीच्या टायरमध्ये 32 ते 35 पीएसआय हवा असते. मोअरच्या पुढच्या चाकांत साधारण 14 आणि मागच्या चाकांत 10 पुरते. नेमका आकडा टायरवर किंवा पुस्तिकेत मिळतो. डेक चाकांच्या भरवशावर तरंगत असल्यामुळे एका बाजूची हवा कमी झाली की डेक तिरपा होतो, आणि कापलेली हिरवळ सलूनमध्ये मध्येच वीज गेल्यासारखी दिसते.

पाती पाहण्यासाठी डेकखाली हात घालायचा असेल तर आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी. यंत्र बंद आहे एवढी खात्री पुरत नाही. एक पाते हाताने फिरवले तरी दुसरेही फिरू शकते. बॅटरी 12 व्होल्टची असते. तिच्या टोकांवर पांढरट-निळसर बुरशीसारखा थर बसला असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासावा. टोके सोडवताना ऋण टोक आधी सोडवावे, जोडताना शेवटी जोडावे. तो ब्रश नंतर पुन्हा न्हाणीघरात जाऊ देऊ नये.

इथवर यंत्राची तयारी झाली. आता बसणाऱ्याची. यंत्र गॅरेजमधून ढकलून उघड्यावर आणावे. आत इंजिन चालू ठेवून ते गरम होण्याची वाट पाहत बसू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दार उघडे असले म्हणून तो बाहेर जातोच असे नाही. मग सीटवर बसावे, पूर्ण बसावे. सीटखाली एक स्विच असतो आणि तो वजन मोजतो. दाराशी आलेल्या कुरियरवाल्याशी बोलत, एक पाय जमिनीवर ठेवून, अर्ध्या मांडीवर टेकलेल्या माणसाला तो मोजत नाही. त्यानंतर ब्रेकचा पेडल शेवटपर्यंत दाबावा, गिअर न्यूट्रलला असावा, पात्यांचा स्विच बंद असावा. या सगळ्यांपैकी एकही गोष्ट राहिली तर किल्ली फिरवल्यावर काहीही होत नाही. आवाज नाही, धक्का नाही, तक्रार नाही. सरकारी कार्यालयात अर्ज परत न करता नुसता बाजूला ठेवतात, तसे हे यंत्र अर्ज बाजूला ठेवते. कुठला कागद कमी आहे ते अर्जदाराने शोधायचे.

थ्रॉटलच्या दांड्याजवळ एका टोकाला ससा आणि दुसऱ्या टोकाला कासव अशी चित्रे असतात. गोष्ट लहानपणापासून ठाऊक असल्यामुळे मराठी माणूस नैतिक दृष्ट्या कासवाकडे झुकतो. इथे गोष्ट उलटी आहे. ससा आणि कासव हे इंजिनाचे वेग दाखवतात. यंत्राने किती भरभर पळायचे ते पेडल किंवा गिअर ठरवतो. गवत कापताना इंजिन सशावर हवे, नाहीतर पाती मंद फिरून गवत कापण्याऐवजी ओरबाडतात. यंत्र मात्र कासवाच्या चालीने चालवावे. दोघांनाही काम मिळाल्यामुळे शर्यतीचा प्रश्न उरत नाही. थंड इंजिन सुरू करताना थ्रॉटल सशाच्या बाजूला ठेवून चोक द्यावा, किल्ली फिरवावी, आणि इंजिन लागले की चोक हळूहळू काढावा. चोक कायमचा ओढून ठेवला तर काळा धूर येतो आणि प्लग ओला होतो. किल्ली एका वेळी पाचेक सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये. मध्ये मिनिटभर थांबावे, म्हणजे स्टार्टर आणि माणूस दोघेही थंड होतात.

तरीही यंत्र सुरू झाले नाही तर आवाजावरून निदान करावे. पूर्ण शांतता असेल तर एखादा सुरक्षा-स्विच नाराज आहे, फ्यूज गेला आहे किंवा बॅटरी पार मेली आहे. नुसते ‘टिक’ असे वाजत असेल तर बॅटरीत दम नाही किंवा तिची टोके सैल आहेत. इंजिन फिरते पण पकडत नाही, तर पेट्रोल, चोक किंवा प्लग. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर चोक बंद करून दहा मिनिटे चहाला जावे. या निदानात यंत्राला मारलेली लाथ मोडत नाही. तिने रोग कळत नाही, अंगठा कळतो.

शांततेवर एक देशी उपाय निघतो. सीटखालच्या स्विचची वायर काढून तिची दोन टोके परस्पर जोडली की यंत्र समजते, माणूस बसला आहे. मग खड्ड्यातून जाताना हलका माणूस उडाला तरी इंजिन बंद पडत नाही, आणि मध्येच उतरून फांदी बाजूला करता येते. हा जुगाड करणाऱ्याला आपण यंत्राला फसवले असे वाटते. त्या स्विचचे काम एकच असते: माणूस सीटवरून पडला तर पाती थांबवणे. वायर जोडल्यावर यंत्र पक्के धरून चालते की माणूस बसलेलाच आहे, आणि पडलेल्या माणसाच्या दिशेनेही ते त्याच समजुतीने येते.

सीट एकच असते. त्यावर माणूसही एकच बसतो. नातवाला मांडीवर घेऊन अंगणात एक फेरी मारावी, असे आजोबांना वाटणे स्वाभाविक आहे. स्कूटरवर पुढे एक उभा, मागे दोन बसलेले अशी त्यांनी पस्तीस वर्षे काढलेली असतात. इथे मांडीवरून घसरलेले मूल ज्या बाजूला पडते, त्या बाजूला पाती असतात. शिवाय एकदा फेरी मारलेल्या मुलाला यंत्राचा आवाज म्हणजे फेरीचे आमंत्रण वाटते, आणि पुढच्या शनिवारी ते मागून धावत येते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला नेमका आहे: बसायचे यंत्र चालवायला वय किमान 16 हवे, ढकलायचे चालवायला 12, आणि सहा वर्षांखालची मुले कापणी चालू असताना घरात असावीत. घरात म्हणजे दाराच्या आत, कोणाच्या तरी डोळ्यासमोर.

मोअरला निव्वळ वाहन समजणारे लोक जगात झालेच नाहीत असे नाही. इंग्लंडमध्ये 1973 पासून मोअरच्या शर्यतींची रीतसर संघटना आहे. तिथे यंत्रे जोरात पळतात, पण पाती आधी काढून ठेवावी लागतात. 1994 मध्ये आयोवातल्या लॉरेन्स गावचे 73 वर्षांचे आल्विन स्ट्रेट मोअरला ट्रेलर जोडून सुमारे 240 मैलांवर विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या आजारी भावाला भेटायला गेले. नजर कमी झाल्यामुळे मोटारीचा परवाना नव्हता. सहा आठवडे लागले. त्यावर डेव्हिड लिंच यांनी 1999 मध्ये चित्रपट काढला. भावाकडे जायचे असेल तर मोअर वाहन ठरते. अंगणात, पाती जोडलेली असताना, ते पात्यांचे यंत्रच असते. बसायला जागा दिलेली असते, इतकेच.

इंजिन लागल्यावर मिनिटभर तसेच चालू द्यावे, मग सपाट जागी पात्यांचा स्विच ओढावा. पाती सुरू होताच आवाज खाली येतो आणि जाड होतो. हा फरक कानाला कळला पाहिजे, कारण पाती थांबली की नाही हेही त्यावरूनच कळते. अनेक यंत्रांत पाती फिरत असताना मागचा गिअर टाकला की इंजिन किंवा पाती बंद होतात. हा बिघाड समजून दुरुस्तीला फोन करणारे असतात. तो बिघाड नसून प्रश्न असतो: मागे पाहिले का? मागे आणि खाली पाहावे, मगच मागे जावे.

उतार असेल तर आधी ठरवावे की कापायचा की नाही. बहुतेक पुस्तिकांत मर्यादा 15 अंशांची असते. म्हणजे एक मीटर पुढे गेल्यावर सुमारे 27 सेंटिमीटर चढ. ढकलायचे यंत्र उताराला आडवे चालवावे, म्हणजे पाय घसरला तरी यंत्राखाली जात नाही. बसायचे यंत्र वर-खाली चालवावे, कारण आडवे चालवले तर ते कुशीवर उलटते. एक सोपी कसोटी आहे: मागच्या गिअरमध्ये जो उतार चढता येत नाही, तो कापायचा नाही. ओले गवतही कापू नये; ते घसरवते आणि डेकचे तोंड बुजवते, आणि बुजलेले तोंड पाहिले की माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. गवताच्या उंचीचा एक तृतीयांश भागच एका वेळी कापावा. जास्त कापले तर गवत पिवळे पडते आणि वर सांगितलेला शेजारी पुन्हा येतो.

काम संपले की सगळे उलट्या क्रमाने करावे. पाती बंद, थ्रॉटल खाली, ब्रेक लावून ठेवायचा, इंजिन बंद. पाती पूर्ण थांबेपर्यंत काही सेकंद बसून राहावे. सबंध कामात बसल्या जागी काही न करण्याचा भाग एवढाच. डेकवर साचलेले गवत यंत्र गार झाल्यावर झाडावे आणि इंजिन तापलेले असताना पेट्रोल भरू नये. शेवटी किल्ली काढून घ्यावी. या किल्ल्या बऱ्याचदा एकसारख्याच असतात; एका यंत्राची दुसऱ्याला चालते, दुकानात दोन-चार डॉलरला नवी मिळते, आणि चोराला तिची फार अडचण येत नाही. ती काढायची असते ती घरातल्या सहा वर्षांच्या माणसासाठी, ज्याने दोन तास खिडकीतून सगळा क्रम नीट पाहून ठेवलेला असतो. किल्ली उंच खुंटीला टांगावी.